मुलाची आज्ञा, यंत्राचे काम



सुवर्ण महोत्सवाच्या या सोहळ्यात व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता खेळण्यांचा वाटेल. तळहातावर मावणारे इलेक्ट्रॉनिक्सचे बोर्ड आणि संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे जुळवून त्यांना आज्ञा देण्याची पद्धत, असा हा विषय आहे. परंतु आज अनेक घरांत पालक आपल्या पाल्यासाठी ‘रोबोटिक्स’चा संच विकत घेतात अथवा त्या नावाच्या वर्गाचे शुल्क भरतात. पुष्कळदा असे घडते की पुस्तिकेप्रमाणे तारा जोडल्या जातात, दिवा लुकलुकतो, घरची मंडळी कौतुक करतात आणि महिन्याभरात तो संच कपाटात जाऊन बसतो. दिवा लागला खरा. तथापि तो का लागला आणि उद्या लागला नाही तर कोठे पाहावे, हे त्या मुलाला ठाऊक नसते. पैसे वाया गेले हे दुःख लहान आहे. ‘हे आपल्याला जमण्यातले नाही’ असा समज त्या वयात मनात घर करून बसतो, ही हानी मोठी.

या प्रश्नाचा मूलगामी विचार सेमूर पॅपर्ट यांनी केला. जिनिव्हा येथे झाँ पियाजे यांच्यासमवेत बालकांच्या आकलनावर काम केल्यानंतर ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आले आणि सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा सिद्ध केली. संगणकाने मुलाकडून धडे गिरवून घेण्याऐवजी मुलानेच संगणकाला शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. लोगोचे प्रसिद्ध ‘कासव’ आरंभी जमिनीवर चालणारे खरेखुरे यंत्र होते. इतके पुढे जा, इतके अंश वळ, अशा आज्ञांनी ते आकृती काढीत असे. चौकोन काढताना कासव भलतीकडेच गेले, तर मुलाने स्वतः कासव होऊन त्याच आज्ञांप्रमाणे खोलीत चालून पाहावे आणि चूक कोठे झाली ते शोधावे, अशी ती रीत होती.

याच परंपरेत मिचेल रेझनिक यांच्या एमआयटीमधील गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ सर्वांसाठी खुले केले. यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक ठोकळा, आणि ते एकाखाली एक अडकवायचे. ठोकळ्यांच्या आकारातच व्याकरण दडलेले आहे. संख्या देणारा ठोकळा गोलाकार कडांचा, तर ‘होय की नाही’ सांगणारा ठोकळा षटकोनी असतो. षटकोनी खाचेत गोल ठोकळा बसतच नाही. त्यामुळे विरामचिन्ह राहिले म्हणून सारे अडले, हा नवशिक्याचा सर्वांत मोठा जाच येथे उरत नाही. विचारातली चूक मात्र ठोकळे थांबवू शकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ती चूक मुलाने स्वतः शोधायची असते.

दुसऱ्या बाजूला बोर्डांची कथा आहे. इटलीतील इव्हरेया या गावी, रचनाकला शिकवणाऱ्या एका संस्थेत, मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘आर्डुइनो’ हा बोर्ड तयार केला. तेथील विद्यार्थी एर्नांदो बारागान यांचा ‘वायरिंग’ हा त्याआधीचा प्रकल्प त्याच्या मुळाशी होता, हे श्रेय अनेकदा सांगायचे राहून जाते. आर्डुइनोची रचना खुली असल्याने कोणालाही तसा बोर्ड बनवता येतो; म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याच्या स्वस्त प्रतिकृती मिळतात. ‘उनो’ या त्याच्या लोकप्रिय बोर्डाची आज्ञावली साठवण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट. मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. तरीही दिवा, घंटी, लहान मोटर चालवण्यास एवढे पुष्कळ होते. मात्र त्याची मूळ भाषा अक्षरी आणि इंग्रजी चिन्हांनी भरलेली असल्याने दहा वर्षांचे मूल तेथेच अडखळे.

हा पूल बांधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न बार्सिलोनाजवळील सिटिलॅब या केंद्राने २०१० मध्ये ‘एस-फोर-ए’ या नावाने केला. स्क्रॅचचेच ठोकळे, पण त्यांनी आर्डुइनो चालवायचा. येथे एक महत्त्वाचा भेद पालकांनी ध्यानात घ्यावा. या पद्धतीत आज्ञावली संगणकातच राहते आणि बोर्ड केवळ निरोप्याचे काम करतो. दर ७५ मिलिसेकंदांनी निरोपांची देवाणघेवाण होते. त्याहून कमी वेळ बटण दाबले तर ते दाबल्याचे कळण्याची खात्री नाही. केबल काढली की खेळ संपला. याउलट बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांसाठी मोफत वाटपास काढलेला ‘मायक्रोबिट’ पाहावा. त्यासाठीच्या ‘मेककोड’मध्ये ठोकळे जुळवले की आज्ञावली बोर्डातच उतरवली जाते आणि मग दोन पेन्सिल सेलांवर तो बोर्ड संगणकाविना चालतो. आर्डुइनोसाठी ‘एमब्लॉक’मध्ये थेट चालवणे आणि बोर्डात उतरवणे अशा दोन्ही सोयी आहेत. पहिल्या आठवड्यात थेट पद्धत उत्तम, कारण ठोकळा बदलताच परिणाम दिसतो. परंतु स्वतः केलेली वस्तू खिशात घालून आजोबांना दाखवायला नेता येणे, यातला आनंद निराळा. मुलाचा संच कपाटात जाणार की वापरात राहणार, हे बहुधा येथेच ठरते.

उदाहरणादाखल घरोघरची एक गोष्ट घेऊ : गच्चीवरची टाकी भरून वाहणे. एखाद्या मुलीने ठरवले की टाकी भरताच घंटी वाजली पाहिजे. प्रयोग प्रथम बादलीत. दोन उघड्या तारा हव्या त्या उंचीवर ठेवायच्या. एक ५ व्होल्टला, दुसरी उनोच्या ‘ए-शून्य’ या जोडणीला. पाणी दोन्ही तारांना टेकले की त्यातून किंचित वीज वाहते आणि ० ते १०२३ यांमधील एक आकडा पडद्यावर येतो. ठोकळे सोपे आहेत : सतत पाहत राहा, आकडा अमुकहून मोठा असेल तर घंटी वाजव.

आणि येथूनच खरे शिक्षण सुरू होते. बादली कोरडी असूनही आकडा स्थिर राहत नाही, वाटेल तसा भटकतो. ती जोडणी अधांतरी असल्यामुळे आसपासची विद्युत कुजबुज टिपत असते. तिला १० किलोओहमच्या रोधकाने जमिनीशी, म्हणजे शून्य व्होल्टशी, बांधले की आकडा निमूट शून्यावर येतो. मग ‘अमुक’ म्हणजे किती? बोअरच्या पाण्यात क्षार अधिक, त्यामुळे आकडा मोठा. पावसाच्या पाण्यात लहान. पुस्तिकेतील आकडा उपयोगी पडत नाही, मोजूनच घ्यावा लागतो. काही दिवसांनी तारा झिजू लागतात, त्यांवर थर चढतो. सतत वाहणाऱ्या विजेने पाण्यात विद्युत-अपघटन होत असते. उपाय ठोकळ्यांतच आहे : ५ व्होल्टची तार बोर्डाच्या एका अंकीय जोडणीवर न्यावी, अर्ध्या मिनिटातून क्षणभर वीज द्यावी, आकडा वाचावा, वीज बंद करावी. पदार्थविज्ञान, रसायन आणि तर्क यांची अशी गाठ एकाच बादलीत पडते.

एक सूचना अत्यंत गांभीर्याने. बोर्डाच्या एका जोडणीतून २० मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी. पाण्याची मोटर २३० व्होल्टवर चालते. मुलांचा प्रकल्प घंटीपाशीच थांबावा. मोटर चालू-बंद करण्याचा मोह जाणत्या वीजतंत्रज्ञाविना कोणीही धरू नये.

किरकोळ वाटणाऱ्या, परंतु उत्साह मारणाऱ्या अडचणीही आहेत. बोर्ड जोडला, दिवा लागला, पण संगणक त्याला ओळखत नाही. अशा वेळी बोर्ड बिघडला असे समजून तो परत केला जातो. प्रत्यक्षात केबल केवळ चार्जिंगची असते, माहिती वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. किंवा स्वस्त प्रतिकृतीवरील सीएच-३४० या चिपसाठी लागणारा ड्रायव्हर संगणकात घातलेला नसतो. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊन टिंकरिंग लॅब उभारल्या. ज्यांच्या शाळेत अशी प्रयोगशाळा आहे, त्या पालकांनी ती आठवड्यातून किती तास उघडी असते एवढे जरूर विचारावे. कुलूपबंद कपाट घरात असो वा शाळेत, फरक पडत नाही.

ठोकळ्यांवर किती काळ राहावे, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. मेककोडमध्ये एका कळीने ठोकळ्यांच्या जागी तीच आज्ञावली अक्षरी भाषेत दिसते; एमब्लॉकमध्येही आर्डुइनोची अक्षरी आज्ञावली शेजारी उघडता येते. टाकीची घंटी केलेली मुलगी एके दिवशी कुतूहलाने तिकडे डोकावते, ठोकळ्यात ३०० च्या जागी ४०० लिहून पाहते आणि शेजारच्या अक्षरी आज्ञावलीतही तिला आकडा बदललेला आढळतो. त्यानंतर ती कोणत्या दिवशी टंकू लागेल, याचे वेळापत्रक तिच्यावरच सोपवलेले बरे.