आईच्या हातातले गोठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कॉलेजात असताना आम्ही दहा-बारा मित्रांनी मिळून वीस मिनिटांची एक फिल्म केली होती. विषय १९७२चा दुष्काळ. खडी फोडायला जाणारी आई घरात दाणा नाही म्हणून हातातले चांदीचे गोठ मोडते, एवढीच गोष्ट. गोठ एका मित्राच्या आजीनं विश्वासानं दिलेले.

खेड्यातलं घर पहिल्याच दिवशी मिळत होतं, म्हणून शेवटचा प्रसंग आधी उरकला. पुढं एडिटिंगला बसलो आणि पोटात गोळा आला. गोठ मोडल्यानंतरच्या प्रसंगात बाईंच्या हातात गोठ तसेच! गोष्टीचा जीवच गेला. पुन्हा शूटिंग करायला पैसे नव्हते. शेवटी नुसते चेहरे ठेवून तो प्रसंग कापावा लागला.

चूक बाईंची नव्हती, कॅमेरावाल्याचीही नव्हती. कागदावर लिहिलंच नव्हतं. शूटिंग गोष्टीच्या क्रमानं होत नसतं. म्हणून वहीत रकाने आखावेत : प्रसंग कितवा, गोष्टीतला दिवस कोणता, पात्राच्या अंगावर काय, हातात काय आणि वस्तू कुणाकडून आणली. आता खिशात मोबाईल असतो. प्रत्येक प्रसंगानंतर पात्राचा एक फोटो काढून ठेवावा.

पैशाची अडचण त्या मानानं लहान. लुगडं नवं असेल तर ते दुष्काळातलं वाटत नाही. दोन-चारदा धुवावं, चहाच्या पाण्यात बुडवावं, कडक उन्हात वाळवावं, काठ पॉलिश पेपरनं थोडे घासावेत. मात्र हे मागून आणलेल्या कपड्यावर करू नये! अंगावर चिखल उडणार असेल, तर तसाच दुसरा जोड हवा. नाहीतर रीटेक घेता येत नाही. बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर थरथरतो. खळ घातलेलं लुगडं आणि काचेच्या बांगड्या माईकमध्ये संवादापेक्षा मोठ्यानं बोलतात. आणि १९७२च्या कामावर घमेलं लोखंडी हवं, पाण्याला मातीचा डेरा हवा. मागं प्लॅस्टिकची बाटली दिसली, की दुष्काळ खोटा ठरला.

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात गांधीजी सुटाबुटातून पंचापर्यंत येतात. माणूस कसा बदलत गेला, ते कपडेच सांगतात. आमच्या फिल्ममध्ये तेच काम दोन गोठांवर होतं.

ते गोठ परत द्यायला गेलो, तेव्हा आजीनं विचारलं, ‘‘पोरांनो, माझे गोठ दिसले का रे नीट?’’ आम्ही माना डोलावल्या. नको तिथंही दिसले, हे सांगायचा धीर काही झाला नाही.