उचल, वेठ आणि परकीय बंदी



संपामुळे प्रवासी 'वेठीस धरले गेले', असे वर्तमानपत्रांत नेहमी छापून येते. आजच्या वाचकाला तो केवळ वाक्प्रचार वाटतो. मराठवाड्यातील जुन्या पिढीला मात्र हा शब्द अलंकार म्हणून ठाऊक नव्हता. निजामी राजवटीत अंमलदाराचा मुक्काम गावात पडला की लाकूडफाटा आणणे, पाणी भरणे, ओझी वाहणे ही कामे गावच्या दुबळ्या माणसांनी बिनमजुरीने करावयाची, हा शिरस्ताच होता. कर्जापोटी धन्याच्या दारी वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुरालाही त्या संस्थानात वेगळे नाव होते, 'भगेला'. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठ आणि सक्तीचे श्रम निषिद्ध ठरविले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर देशातील अशा प्रथांची यादीच दिली आणि त्या यादीत 'भगेला' हे नावही नोंदविले.

म्हणजे हा प्रश्न कायद्याने निकालात निघाला असे मानावयास हरकत नव्हती. परंतु तोच प्रश्न आता वेगळ्या वाटेने, जागतिक बाजारपेठेच्या वाटेने, नांदेड आणि लातूरच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे.

बंदीमागील कायदा

सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला आपल्या देशात प्रवेश द्यावयाचा नाही, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या १९३० च्या आयात शुल्क कायद्यातील कलम ३०७ नेमके हेच सांगते. मात्र त्याच कलमात एक पळवाट होती. जो माल अमेरिकेत पुरेसा पिकत वा तयार होत नाही, त्याला ही बंदी लागू नव्हती! स्वतःच्या कारखानदारांशी स्पर्धा करणारा माल अडवावा आणि स्वतःला हवा असलेला माल मात्र कसाही बनलेला असो, आत घ्यावा, असा हा न्याय होता. ही पळवाट बंद व्हायला २०१६ साल उजाडले. नीतीच्या गोष्टी सांगणाऱ्या बाजारपेठेची ही ८६ वर्षांची कथा भारतीय उद्योजकाने विसरता कामा नये.

त्यानंतर चक्रे वेगाने फिरली. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुरांकडून सक्तीने काम करून घेतले जाते, या कारणास्तव अमेरिकेने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला व जून २०२२ पासून तो लागू झाला. त्या प्रांतातून आलेला माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असे गृहीत धरले जाते आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर येते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असाच नियम संमत केला. १४ डिसेंबर २०२७ पासून सक्तीच्या श्रमातून झालेली कोणतीही वस्तू, मग ती कोणत्याही देशातील असो, युरोपच्या बाजारात विकता येणार नाही.

बंदीचे दोन परिणाम

अशा बंदीने मजुराचे भले होते काय? इतिहास दोन उत्तरे देतो.

पहिले उत्तर बांगलादेशाचे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये बालकामगारांनी बनविलेल्या वस्तूंची आयात रोखणारे विधेयक मांडले गेले. ते मंजूर झालेच नाही. तथापि नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपडे कारखान्यांनी मुलांना कामावरून काढून टाकले. युनिसेफच्या १९९७ च्या अहवालात अशा मुलांची संख्या अंदाजे ५० हजार सांगितली आहे. त्यांतील कित्येक मुले शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांत लोटली गेली. पुढे १९९५ मध्ये कारखानदार आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यात करार होऊन मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली, तेव्हा कुठे ती चूक थोडीफार सुधारली.

दुसरे उत्तर उझबेकिस्तानचे. तेथे सरकारच शिक्षकांना, डॉक्टरांना, विद्यार्थ्यांना कापूस वेचावयास शेतात धाडीत असे. जगातील तीनशेहून अधिक कंपन्यांनी तो कापूस वापरणार नाही असे जाहीर केले. दबाव दीर्घकाळ टिकला, राज्यकर्ते बदलले, धोरण बदलले, आणि २०२१ च्या हंगामात सक्तीची पद्धतशीर वेचणी संपल्याचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नोंदविले. मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला.

या दोहोंतील फरक लक्षात घ्यावा. जेथे बंदीसोबत पर्यायी व्यवस्था नव्हती तेथे शिक्षा दुबळ्याला झाली. जेथे घरातली व्यवस्था सुधारली तेथे मजूरही सुटला आणि बाजारही परत मिळाला.

कापूस : संधी आणि कागदपत्रे

नांदेडचे नाव कापसाशी जोडलेले आहे. येथील संशोधन केंद्राने विकसित केलेले 'नांदेड-४४' हे संकरित वाण एके काळी घरोघरी माहीत होते. जगातील सुमारे एक पंचमांश कापूस शिनजियांगमध्ये पिकतो. त्यावर बंदी येताच गिऱ्हाईक अन्य देशांकडे वळणार, हे उघड आहे. परंतु ते गिऱ्हाईक आता केवळ धाग्याची लांबी विचारीत नाही. हा कापूस कोणत्या गावचा, कोणी वेचला, हेही विचारते. जिनिंगमध्ये शेकडो शेतकऱ्यांचा कापूस एकत्र पडतो. तेथे गाठीगाठीचा माग ठेवणे सोपे नाही. 'कस्तुरी कॉटन भारत' या योजनेत गाठीगाठीला ओळख देण्याचा प्रयत्न आहे, तो याच गरजेतून. हा खर्च मोठी गिरणी सोसू शकते. किनवट वा भोकरच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर तो ढकलला गेला, तर संधी दुसऱ्यांची आणि बोजा मात्र त्याचा, असे होईल.

साखर : उचलीचा हिशेब

खरी कसोटी साखरेची आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांवर सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्जाचे जोखड, बालविवाह, स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया यांचे त्यात वर्णन होते, आणि ही साखर कोकाकोला व पेप्सी यांसारख्या कंपन्यांच्या पुरवठ्यात जाते असे म्हटले होते. अनेकांनी यास भारताच्या बदनामीचा डाव म्हटले. पण २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली होती आणि त्यांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले होते. परक्याने बोट दाखविण्यापूर्वी पाच वर्षे घरच्यांनीच ते लिहून ठेवले होते. मग संताप कोणावर करावा?

दिवाळी झाली की नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, लोहा आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट, अहमदपूर या बालाघाटच्या टापूतील तांडे आणि वाड्या रिकाम्या होतात. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या परिसरातील कोरडवाहू माणसाला रब्बीचा भरवसा उरत नाही. तो मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पन्नास हजारांपासून लाखाच्या वर अशी ही उचल असते.

आता साधा हिशेब मांडावा. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये होतात. उचल ८० हजारांची असेल तर ती फिटण्यास ११० दिवस लागतात. हंगाम ९० दिवसांतच आटोपला तर ६५ हजार ८८० रुपयांचीच फेड होते. १४ हजारांहून अधिक रक्कम अंगावर राहते. शिवाय आठवड्याची खर्ची आणि आजारपणाचा खाडा हेही त्याच खात्यावर चढते. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. दोर बांधलेला दिसत नाही, पण तो असतो.

कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा मजुराशी, आणि या शेवटच्या व्यवहाराला बहुधा कागदच नसतो. त्यामुळे 'मजूर आमचे नव्हेत' असे म्हणण्याची सोय कारखान्याला राहते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उचल घेऊन टोळी पळून गेल्याने कर्जबाजारी झालेले वाहतूकदार गावोगाव आहेत. ऊस फडात वाळू लागला की शेतकऱ्याला तोडीसाठी वर पैसे मोजावे लागतात. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. परंतु १९८२ मध्ये एशियाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबण्यास भाग पाडणारी दैन्याची सक्ती हीसुद्धा सक्तीच होय. हा निकष परदेशातून आलेला नाही, तो भारतीय न्यायासनाचा आहे.

बंदी आली तर काय होईल?

अमेरिकेला जाणारी भारतीय साखर कोट्यामुळे काही हजार टनांचीच असते, आणि २०२३ नंतर भारत सरकारने स्वतःच निर्यातीवर कडक मर्यादा घातल्या. म्हणून बंदरावर साखर अडविली गेल्याने उद्योग बुडेल असे नाही. दबाव येईल तो शीतपेये, बिस्किटे, औषधे बनविणाऱ्या मोठ्या खरेदीदारांकडून. ते कारखान्याकडे प्रमाणपत्र मागतील. ज्याच्याकडे नसेल त्याची साखर स्वस्तात जाईल आणि तो तोटा अखेर ऊसदरात उतरेल. कारखाना यंत्राकडे वळेल. लातूर जिल्ह्यातील मांजरा कारखान्याने यंत्राने ऊसतोडणीवर भर दिलेलाच आहे. यंत्र येणे वाईट नाही. पण यंत्र आले आणि जळकोटच्या जोडप्याला दुसरे काम मिळाले नाही, तर बांगलादेशातील त्या मुलांचीच कथा बालाघाटात घडेल.

ग्राहकाला किती भुर्दंड पडेल? एक टन उसातून साधारणतः १०० किलो साखर निघते. म्हणजे किलोमागे तोडणीची मजुरी अवघी पावणेचार रुपयांच्या आत आहे. ती दीडपट केली तरी साखर किलोमागे दोन रुपयांनीही महागत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या वाणसामानात तो फरक एका कप चहाएवढाही नाही. तेव्हा 'मजूर सुटला तर ग्राहक मरेल' हा युक्तिवाद हिशेबाला टिकत नाही.

घर आधी झाडावे

उपाय अप्राप्य नाहीत. कारखान्याने मजुरी थेट मजुराच्या, आणि स्त्रीची मजुरी स्त्रीच्या, खात्यावर जमा करावी. उचलीचा कागद व्हावा आणि हंगाम संपताच त्याचा हिशेब हाती मिळावा. आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा बंद व्हावा. १९७६ च्या कायद्यानुसार जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या असावयास हव्यात. त्यांच्या बैठका होतात काय, हे नांदेड-लातूरच्या सुजाण नागरिकांनी विचारावे. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले, संत भगवानबाबांच्या नावे मुलांसाठी वसतिगृहांची योजना झाली. मूल वसतिगृहात राहिले तरच ते फडातल्या कोपीत वाढणार नाही आणि पुढच्या पिढीचा कोयता तयार होणार नाही.

परकीयांच्या बंदीत त्यांचा स्वार्थ असेल, नव्हे, आहेच. पण त्यांच्या स्वार्थाने येथील अन्याय न्याय्य ठरत नाही. ब्रुसेल्सचा निरीक्षक फडावर येईल या भीतीने मजुराची मुक्तता करणे हा स्वाभिमान नव्हे. तो येण्यापूर्वीच, आपल्याच राज्यघटनेला स्मरून, आपल्याच माणसाचे देणे चुकविणे हा स्वाभिमान होय. मुखेडच्या मायबहिणीने तोडलेल्या उसाची साखर जेव्हा तिच्या अंगावरील कर्ज न वाढविता बाजारात येईल, तेव्हा तिला कोणत्याही देशाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागणार नाही.