कपाटाची किल्ली कुणाकडं?



सरकारी शाळेतलं ग्रंथालय आणि तिथली नवी यंत्रं, या विषयावर बोल म्हणून मला सांगितलंय. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. गोदीत हमाली करतो, मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. पण यंत्र आलं की माणसाचं काय होतं, हे गोदीवाल्याइतकं कुणाला ठाऊक? १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं. कंटेनरचा जमाना आला. जिथं टोळीच्या टोळी उतरून पाठीवर गोण्या वाहायची, तिथं क्रेन अख्खी पेटी उचलते. पेटीला सील. आत काय आहे ते गोदीतल्या माणसाला कळत नाही. यंत्र वाईट नसतं, दोस्तहो. पाठ वाचत असेल तर चांगलंच. प्रश्न एवढाच, की किल्ली कुणाच्या हातात?

शाळेतही हाच प्रश्न आहे.

मी शिकलो त्या शाळेत ग्रंथालय होतं. म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट. ते उघडायचं तपासणीच्या दिवशी. संगणकाची खोलीही होती. संगणकांवर प्लॅस्टिकच्या खोळी, दाराला कुलूप. पुस्तक फाटेल म्हणून पोरांना नाही. संगणक बिघडेल म्हणून पोरांना नाही. हात लावू नका! हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी कुठं कुठं ऐकलंय, ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे काय?

मास्तरला शिव्या घालून भागणार नाही. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, ही त्याची भीती. वर जनगणना त्याच्याच गळ्यात, निवडणूक त्याच्याच गळ्यात. ग्रंथपाल नावाचा माणूस नसला की ग्रंथालयाचं कपाट होतं आणि कपाटाचं कुलूप होतं.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, तिथं वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींचीही पुस्तकं पाहिजेत. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत अनुदानाची सोय आहे. कागद पक्का आहे. पण कागदाचा इतिहास आपल्याला शिकवू नका! १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. ठराव झाला म्हणून चवदार तळं उघडलं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला जावं लागलं. ओंजळ पाण्यात घालावी लागली.

आता यंत्रांचं. २०१५ साली मुंबई महापालिकेनं आठवीच्या पोरांना टॅब वाटले. दप्तराचं ओझं उतरणार म्हणून गाजावाजा झाला. पण २०१८ साली आठवीचा अभ्यासक्रमच बदलला. पुस्तक जुनं झालं तरी वाचता येतं. यंत्राला मात्र दरवर्षी खायला घालावं लागतं, बॅटरी, दुरुस्ती, नवे धडे. वाटपाच्या दिवशी फोटो निघतो. दुरुस्तीच्या दिवशी फोटोवाला येत नाही.

आणि २०२० चा मार्च आठवा. शाळा बंद, शिक्षण मोबाइलवर. आमच्या खोलीत मोबाइल एक, माझ्या कामाचा बोलावा त्याच्यावरच. गोदी चालू होती. मी मोबाइल घेऊन कामावर, बहिणीचा वर्ग घरात मुका. ज्याच्या घरात दोन मोबाइल त्याची शाळा चालू, ज्याच्या घरात एक त्याची बंद. शाळेच्या आवारात जात निदान लपून बसते. यंत्र घराघरावर टाकलं की ती उघडी पडते.

एक पुस्तक काय करतं? १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. हातात, कपाटात नाही! १९५६ साली नागपुरात काय घडलं ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मधल्या काळात या माणसानं पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं.

म्हणून भाषण पुरे, काम सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं चारातले तीन जण पालक असतात, निम्म्या बाया असतात. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीत कोण आहे ते विचारा. आपल्या आया-मावश्यांना नुसती सही करायला नाही, बोलायला पाठवा. दहा रुपयांत माहितीचा अर्ज होतो. ग्रंथालयाचे पैसे किती आले, पुस्तकं कोणती घेतली, किती पोरांनी घरी नेली, संगणक चालू किती, बंद किती, हे लेखी मागा. ग्रंथपालाची जागा मागा. संध्याकाळी संगणकाची खोली उघडी मागा, कारण दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास होत नाही.

पुस्तक फाटलं तर फाटू द्या. वाचून फाटलेलं पुस्तक हा शाळेचा मान आहे. कोरं राहिलेलं पुस्तक हा गुन्हा आहे.

कुलूप त्यांनी घातलंय. उघडायचं आपल्याला आहे. जयभीम.