घरची बोली आणि शाळेचा उंबरठा



शाळेत नाव घातले की मुलाचे शिक्षण सुरू झाले, असे आपण मानतो. वस्तुतः पहिल्या दिवशी येणारे मूल पाच-सहा वर्षांची भाषा सोबत घेऊन आलेले असते. ही शिदोरी घर बांधून देते.

आपल्या कामरेज परिसरात उसाच्या हंगामात धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून मजूर जोडपी येतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन शेतावर जातात. पडावावर धाकट्याजवळ उरते ती त्याची थोरली बहीण. घरात अहिराणी किंवा मावची, बाजारात हिंदी, शाळेत गुजराती. अशा मुलाने वर्गात तोंड उघडले नाही की त्याला मठ्ठ ठरवून आपण मोकळे होतो.

अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली यांनी ४२ कुटुंबांतील संभाषणे नोंदवून १९९५ साली असे मांडले की, गरीब घरातील मुलांच्या कानी चार वर्षांच्या वयापर्यंत सुमारे तीन कोटी शब्द कमी पडतात. पुढे हा आकडा वादग्रस्त ठरला. भावंडांचे, शेजाऱ्यांचे बोलणे त्यात पुरेसे धरले नव्हते, असा आक्षेप आला आणि तो मला रास्त वाटतो. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. त्यांच्या वाणीला दरिद्री कोण म्हणेल? गरिबाच्या घरी उणीव असते ती सवडीची, भाषेची नव्हे. मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला माणूस घरी नसते.

ताराबाई मोडक यांनी हे ओळखले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत काम केलेल्या या विदुषीने १९४५ साली बोर्डीला कार्य आरंभले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. परंतु पडावावरील मुलाची बोली शिक्षकालाच येत नसेल, तर नुसते धोरण काय करणार?

म्हणून ग्रंथालयाकडे माझे मागणे आहे. आठवड्यातून एकदा चित्रांची पुस्तके घेऊन आपल्यापैकी कुणी पडावावर जावे. आधी मुलाची गोष्ट त्याच्या बोलीत ऐकावी, मग आपली सांगावी. ज्याचे घरचे बोलणे कुणीतरी मन लावून ऐकले आहे, ते मूल शाळेतही बोलू लागेल.