शहरातली कुटुंबं आणि आपलं शिवार



खत, बियाणे, फवारणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज थोडा वेगळा विषय आहे. शहरातली कुटुंबे सुट्टीच्या दिवशी गावाकडे येऊ लागली आहेत. त्यांच्या या सवयीमुळे आपल्या शिवाराला किंमत येते. ती किंमत आपल्या घरात कशी राहील, हे आज पाहू.

पूर्वी शहरातले कुटुंब प्रवास कधी करत असे? मे महिन्यात मामाच्या गावाला, जत्रेला, लग्नकार्याला आणि जमलेच तर आयुष्यात एकदा काशी-रामेश्वरला. प्रवास एस.टी.ने नाहीतर रेल्वेने, मुक्काम नातेवाइकांकडे. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे ही कल्पनाच नव्हती.

आता तीन गोष्टी बदलल्या. पहिली, रस्ते आणि घरची गाडी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. दुसरी, सुट्टी. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यामुळे वर्षातून एकदा लांबचा प्रवास करणारे कुटुंब आता एकदोन दिवसांसाठी अनेकदा बाहेर पडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनेक मुलांना आता मामाचे गावच उरलेले नाही, मामाही शहरातच राहतो. भुईमुगाची शेंग जमिनीत लागते हे त्या मुलाने पाहिलेले नसते. आजी-आजोबांना मात्र ते दाखवायचे असते. म्हणून तिन्ही पिढ्या एका गाडीत बसून निघतात.

अशा कुटुंबाला थांबायला काही कारण लागते. सातारा जिल्ह्यातले भिलार पाहा. पाचगणी-महाबळेश्वर परिसरातले हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झाले. गावातल्या घरांत, मंदिरात, शाळेत पुस्तके मांडली गेली. कुणीही यावे, बसावे, वाचावे. एरवी पुढे निघून जाणाऱ्या गाडीला थांबायला कारण मिळाले. गाडी थांबली म्हणजे चहा, जेवण, स्ट्रॉबेरी या सगळ्यांना गिऱ्हाईक मिळते.

तुम्ही म्हणाल, “साहेब, आमच्याकडं डोंगर नाही, धबधबा नाही. आमच्याकडं कोण येणार?” तुमच्याकडे ज्वारी आहे ना? तीच ज्वारी बाजार समितीत नेली तर व्यापारी दाण्याचा भाव देतो. हुरड्यात आली असता शेतावरच खाऊ घातली तर कुटुंब आगटीचा, झाडाच्या सावलीचा आणि मुलाने स्वतः कणीस खुडल्याच्या आनंदाचाही भाव देते.

मात्र त्यासाठी नियोजन हवे. एका तुकड्यातला हुरडा साधारण आठवडाभरच चांगला राहतो. नंतर दाणा टणक होतो. म्हणून सगळे रान एकदम पेरू नका. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात आठ-दहा दिवसांच्या अंतराने चार तुकडे पेरा. त्याआधी पेरल्यास खोडमाशीचा त्रास वाढतो. गुळभेंडी हा जुना वाण हुरड्याला चांगलाच. राहुरी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाणही हुरड्यासाठीच आहेत. पेरणीनंतर तीन-सव्वातीन महिन्यांनी हुरडा येतो, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत सहा रविवार साधतात. कणीस निघाल्यावर या तुकड्यांत कीटकनाशक मारू नका. हा दाणा लहान मुले खाणार आहेत. खुडून झालेले ताट जनावरांना वैरण म्हणून कामी येते.

आता हिशेब पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, एका रविवारी तीस माणसे आली आणि माणशी ४०० रुपये घेतले, तर १२,००० रुपये जमा होतात. किराणा, दूध, जळण, मजुरी, साफसफाई मिळून ६,५०० गेले. हाती राहिले ५,५००. सहा रविवारांचे ३३,०००. जोडधंदा म्हणून ही रक्कम चांगली आहे. पण याच भरवशावर कुणी खोल्या आणि पोहण्याचा तलाव बांधायला तीन लाखांचे कर्ज काढले, तर बारा टक्क्यांनी वर्षाचे व्याजच ३६,००० होते. म्हणजे सगळी कमाई व्याजात जाऊन वर तीन हजारांचा खड्डा पडतो. म्हणून आधी दोन हंगाम आहे त्या शेतावर, झाडाखाली चालवून पाहा. गिऱ्हाईक परत येते का ते बघा, मगच खर्च वाढवा.

कुटुंब परत यावे यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळा.

१. स्वच्छ संडास आणि हात धुवायला पाणी. एक संडास तरी खुर्चीसारखा बसता येईल असा हवा. आजी-आजोबांचे गुडघे दुखतात. ते अडले की सगळे कुटुंब येत नाही.

२. विहिरीला कठडा किंवा जाळी. मोटारीचा स्टार्टर बंद पेटीत. फवारणीची औषधे, रिकामे डबे आणि पंप कुलपात.

३. मारका बैल, चावरे कुत्रे दूर बांधा. प्रथमोपचाराची पेटी आणि दवाखान्यापर्यंत न्यायला वाहन तयार ठेवा.

४. दारू चालणार नाही, हे आधीच सांगा. चार टोळकी कमी येतील, पण कुटुंबे निर्धास्तपणे येतील.

५. चुलीपुढे राबणाऱ्या घरातल्या बाईचा वाटा तिच्या खात्यात टाका. धंदा तिच्या हातच्या भाकरीवर चालतो. ती थकली की धंदा थकला.

गर्दीलाही माप हवे. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला. फुले पाहायला इतके लोक येऊ लागले की तिथे प्रवेश शुल्क घेऊन रोजच्या माणसांची मर्यादा घालावी लागली. तुमच्या रानातही तीस माणसांची सोय असेल तर एकतिसाव्याला पुढच्या रविवारी बोलवा.

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले आहे. त्यानुसार शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. अटींची माहिती आधी घ्या. जेवण विकायचे तर अन्न नोंदणीही करून घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. गाड्या येऊ लागल्या की जमीन मागणारेही येतात. रोख रक्कम पाहून मन पाघळते. पण जमीन विकली की पुढे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो आणि आपली पोरं त्याच रानात वाढपी होतात. हुरडा विका, गूळ विका, ताक विका. ज्या बांधावर बसून ते विकता, तो बांध मात्र विकू नका.

येत्या पेरणीला चार तुकड्यांची आखणी करा. काही शंका असल्यास आपल्या भागातील सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना भेटा.