युद्धाला उशिरा पोचलेली जहाजं

आज ऐकता ऐकता एक काम करा. गूगल मॅप्स उघडा, ‘मॅलोज बे, मेरीलँड’ शोधा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. पोटोमॅक नदीच्या काठाशी, पाण्यातच, लांबट आकाराची झाडी दिसेल. एकीकडे टोकदार. ती बेटं नाहीयेत, जहाजं आहेत! या सगळ्या परिसरात शंभराहून जास्त जहाजांचे सांगाडे पडलेत.

आता ही तिथे आली कशी? एप्रिल 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं धडाधड बुडवत होत्या, पोलाद पुरत नव्हतं. मग ठरलं, लाकडाची वाफेवर चालणारी जहाजं बांधायची. किती? एक हजार. किती दिवसांत? 18 महिन्यांत. मी आयटीवाला माणूस, असली डेडलाइन ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. ऑक्टोबर 1918 पर्यंत 134 जहाजं पूर्ण झाली. नोव्हेंबरमध्ये युद्धच संपलं! तोवर यातल्या एकानेही अटलांटिक ओलांडला नव्हता.

बरं, त्यानंतरही बांधकाम लगेच थांबलं नाही. तयार झालेली जहाजं गळायची, माल कमी घ्यायची, कोळसा खायची. घेणार कोण? शेवटी 1922 मध्ये 233 जहाजं एका भंगार कंपनीला साडेसात लाख डॉलरला विकली. म्हणजे एक जहाज जेमतेम सव्वातीन हजारांना.

कंपनीचा हिशोब साधा होता. लाकूड जाळायचं, लोखंड काढून विकायचं. नोव्हेंबर 1925 मध्ये एकाच वेळी 31 जहाजांना आग लावली. पण पाण्याखालचा भाग जळणार कसा? तो तसाच राहिला. मग मंदी आली, कंपनी बुडाली. आजूबाजूचे लोक येऊन हाताला लागेल तो धातू काढून नेऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात बेथलेहेम स्टीलनेही प्रयत्न केला, पण खर्च परवडेना, तेही निघून गेले.

आणि मला खरा इंटरेस्टिंग वाटतो तो यापुढचा भाग, ज्यात कुणीच काही केलं नाही. सांगाड्यांमध्ये नदीचा गाळ साचला. गाळात बिया रुजल्या. मुळांनी गाळ धरून ठेवला, मग झाडं वाढली. खालच्या फळ्यांच्या आडोशाला मासे आले, माशांमागे ऑस्प्रे आले. हा मासे पकडणारा शिकारी पक्षी, तो आता याच सांगाड्यांवर घरटी करतो. मधे हा ‘कचरा’ काढून टाकायचा विषय निघाला होता. नशीब, काढला नाही. 2019 मध्ये ही जागा राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाली.

पण लगेच ‘निसर्ग सगळं सांभाळून घेतो’ असं म्हणू नका हां, मला ते पटत नाही. ही जहाजं लाकडाची होती, त्यातलं बरंचसं सामान आधीच निघालेलं होतं. आजचं पोलादी जहाज असंच सोडलं तर तेल, रंग, ॲस्बेस्टॉस पाण्यात उतरतं. तिथे झाडं उगवायची वाट बघत बसता येत नाही.

अमेरिकेत कुणी असाल तर कयाक घेऊन जा. पण ओहोटीला, तेव्हा सांगाडे वर दिसतात. आणि जरा जपून, लोखंडी खिळे अजून आहेत तिथे. गेलात तर फोटो नक्की पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात!