'पोराचं लग्न लावून द्या' असं मीच म्हणाले होते

(सोलापुरात कौटुंबिक समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय छापलाय : 'लिंगभाव आणि लैंगिक वैविध्य - हक्कांचा इतिहास आणि समाजकार्य'. आमच्या केंद्रात चहा करणाऱ्या खालांना मी तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'आपा, ये तो परीक्षे का पेपर लगरा.' तर पेपर बाजूला ठेवते आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करते. नावं घेणार नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. वर्षं मात्र तीच ठेवली आहेत. ती का ठेवली, ते पुढे कळेल.

२००८ साल. दुपारी कारखान्यात विड्या जमा करून एक आई केंद्रात आली. सोबत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. यंत्रमागावर काम करणारा, सरळ, घरात पगार देणारा. तीन स्थळं त्यानं नाकारली होती. एका मित्राबरोबर त्याला घरातल्या कुणीतरी 'तसं' पाहिलं होतं. आई रडत होती. 'आपा, इसकू क्या हुआ की, तुमीच बताव.' मुलगा मान खाली घालून बसला होता. मी त्याला एक शब्द विचारला नाही. त्याच्या आईला म्हणाले, 'वय आहे, संगत वाईट असेल. लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुधारेल.' दहा मिनिटांत केस संपली. रजिस्टरमध्ये मी 'समुपदेशन केले, निकाली' असं लिहिलं.

त्या वेळी मी एम.एस.डब्ल्यू. होऊन काही वर्षं झाली होती. तलाक, पोटगी, मेहेर, मारहाण यांतलं मला बरंच कळत होतं. हे कळत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकते, पण तेही पूर्ण खरं नाही. आपल्या मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. समलिंगी संबंधांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरं दिली, त्यावरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला होता आणि ते याच विषयावर मराठीतून लिहीत होते. पुणे सोलापूरपासून किती लांब आहे? मी वाचलं नव्हतं, एवढंच.

२०१२ मध्ये एक तरुण मुलगी आली. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. सासू वांझ म्हणते, नणंद टोमणे मारते, नवरा मारत नाही, दारू पीत नाही, पण रात्री उशी घेऊन माळ्यावर झोपायला जातो. 'आपा, हात बी नै लगाया.' आपल्याला सवय झालेली असते. मी लगेच दोन शक्यता धरल्या : दुसरी बाई, नाहीतर हुंडा. नवऱ्याला बोलावणं पाठवलं. तो दारात आला आणि मी त्याला ओळखलं. खुर्चीत बसला आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, 'आपनेच बोला था ना, आपा.'

त्या दिवशी पुढं काय बोलले ते मला आठवत नाही.

आता वर्षांकडे येते. २००८ मध्ये तो मुलगा माझ्यासमोर बसला तेव्हा कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार ठरू शकत होता. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७, १८६० सालचं. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा. २०१२ मध्ये तो पुन्हा माझ्यासमोर आला तेव्हा तो गुन्हेगार नव्हता, कारण मधल्या काळात, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयानं नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला होता. सज्ञान व्यक्तींनी संमतीनं, खासगीत ठेवलेल्या संबंधांना ३७७ लागू होणार नाही, असा तो निकाल. खंडपीठावर न्या. एस. मुरलीधर होते आणि मुख्य न्यायमूर्ती होते अजित प्रकाश शहा. शहासाहेब आपल्या सोलापूरचे. जन्म इथला, पदवी इथली, वकिलीची सुरुवातही इथल्या जिल्हा न्यायालयात. ज्या कोर्टाच्या आवारात आपण पोटगीच्या तारखांना चकरा मारतो, तिथूनच तो माणूस गेला. निकालपत्रात त्यांनी बाबासाहेबांच्या संविधान सभेतल्या भाषणातली 'संविधानिक नीतिमत्ता' ही कल्पना घेतली. लोकांना काय आवडतं यावर कुणाचे हक्क ठरत नाहीत, संविधान काय सांगतं यावर ठरतात, असा तिचा अर्थ. या गावात राहून मला त्या निकालाचा पत्ता नव्हता. पेपरात बातमी आली असणारच. मी पान उलटलं असणार.

मग ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. तो मुलगा पुन्हा गुन्हेगार. त्या अपिलात कोण कोण होतं ते बघा. एक ज्योतिषी, ख्रिस्ती संघटना, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, रामदेव बाबांच्या बाजूचे लोक. एरवी एका मांडवात चहा न पिणारे सगळे या एका प्रश्नावर एकत्र आले होते! शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठानं २०१३ चा निकाल रद्द केला. दहा वर्षांत एकाच माणसाची कायद्यातली जागा तीन वेळा बदलली आणि त्याला त्यातलं काहीही विचारलं गेलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतंच.

तृतीयपंथीयांचा इतिहास याच्याही मागे जातो आणि तो सोलापूरच्या एका जुन्या जखमेला लागून आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला माहीत आहे. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांमधून आपल्या गावात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. आजही आपण रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' सांगतो तेव्हा तो 'फ्री' शब्द कशातून सुटल्याचा आहे, हे नव्या पोरांना माहीत नसतं. त्या कायद्याचा दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. तो हिजड्यांबद्दल होता. सुरुवातीला उत्तर भारतात लागू झाला. त्यांची नावं आणि मालमत्ता नोंदवायची, त्यांनी बायकांचे कपडे घालून रस्त्यावर दिसायचं नाही, नाचायचं नाही, लहान मूल सांभाळायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही. पारधी-कैकाडी आणि हिजडे एकाच सरकारी कागदावर जन्मजात संशयित ठरले. १९५२ मध्ये जमाती 'विमुक्त' झाल्या. तृतीयपंथीयांना माणूस म्हणून स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मिळायला १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा निकाल यावा लागला.

आपल्या लोकांमध्ये गेल्यावर हमखास प्रश्न येतो, 'मजहब में इजाजत है क्या?' मी आलिम नाही, फतवा देत नाही. एवढं सांगते की जन्मतः शरीर ना पुरुषाचं ना बाईचं, अशा व्यक्तीला फिक्हच्या जुन्या ग्रंथांत 'खुनसा' म्हणतात. त्यांचा वारसा किती, नमाजाच्या रांगेत जागा कुठली, यावर त्यांत स्वतंत्र चर्चा आहे. म्हणजे असा माणूस असतो हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण हे उदाहरण ताणू नका. खुनसा म्हणजे इंटरसेक्स, समलिंगी नव्हे. इराणमध्ये आयातुल्ला खोमेनींनी लिंगबदल शस्त्रक्रियेला परवानगी दिली, हेही लोक सांगतात. खरं आहे. त्याच इराणात समलिंगी संबंधांना मृत्युदंड आहे, हे सांगायला विसरतात.

आपल्या भागात आणखी एक रस्ता आहे, सौंदत्तीचा. यल्लम्माला सोडलेले जोगते आपण सगळ्यांनी पाहिलेत, साडी नेसून, डोक्यावर जग घेऊन फिरणारे. घरात पोरगं 'बाईसारखं' वागतं म्हणून देवाला सोडायचं, हीसुद्धा घराबाहेर काढण्याचीच रीत. मानानं काढलं एवढाच फरक. त्याच आपल्या जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट मतदानानं सरपंच केलं, राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी सरपंच म्हणून. शहरातले आपण मागासपणाच्या गोष्टी खेड्यांना सांगत असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता त्या जोडप्याकडे. मी त्या मुलाला एकट्याला बसवलं, आणि पहिल्यांदा त्याला विचारलं, तुला काय हवंय. तो म्हणाला, 'उसकू छुट्टी मिलना. और मेरा नाम नै निकलना.' मग त्याच्या परवानगीनं, त्याच्यासमोर, मुलीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे आजही पूर्ण नाही. ती म्हणाली, खरं सांगितलं तर याला मारतील. नाही सांगितलं तर चार वर्षांची वांझ म्हणून मी माहेरी जाणार. माझ्या नावावरचा डाग कोण धुणार?

साथींनो, समलिंगी पुरुषाच्या हक्काबद्दल बोलताना ही मुलगी आपल्या डोळ्यासमोरून हलता कामा नये. १९६६ मध्ये मुंबईत ज्या सात बायका तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन निघाल्या त्यांचं नाव आपण घेतो. ही मुलगीही त्यांच्याच रांगेतली. जबरदस्तीच्या लग्नात दोघंही बळी होते, पण किंमत तिनं जास्त मोजत होती.

कायद्यात तिला वाट होती. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, नवऱ्यानं योग्य कारणाशिवाय तीन वर्षं वैवाहिक कर्तव्य पाळलं नाही तर बायको कोर्टात विच्छेद मागू शकते. पण कोर्टात कारण उघडं होतं. खुलामध्ये बहुधा मेहेर सोडावा लागतो, आणि मागणारी ती ठरते. आम्ही मुबारात केला, दोघांच्या संमतीनं. मेहेर पूर्ण दिला, जहेजचं सामान यादी करून परत केलं. आणि कागदावर एक वाक्य तिच्या आग्रहावरून लिहिलं : विभक्त होण्यात पत्नीचा कोणताही दोष नाही आणि तिच्यात कोणतीही शारीरिक उणीव नाही. त्यानं त्याखाली सही केली. ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा सासू बाहेर उठून गेली.

पुरेसं होतं का? नाही. ती कागदाची झेरॉक्स कपाटात ठेवून राहिली, प्रत्येकाला दाखवत कशी फिरणार? पुढे तिचं दुसरं लग्न झालं, तेव्हा त्या घरी तो कागद तिच्या वडिलांनी नेला होता.

या केसनंतर आमच्या केंद्रात काही गोष्टी बदलल्या. आई-बाप मुलाला घेऊन आले तर आधी मुलाशी एकट्याशी बोलायचं. त्यानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही सांगायचं नाही. 'लग्नानं सुधारेल' हा शब्द काढायचा नाही. कुणी 'इलाज करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेत असेल तर थांबवायचं. कल बदलण्याच्या अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्यांना सांगायचं. आणि नवऱ्याचं काही 'वेगळं' असल्याची शंका आली तरी ती बायकोच्या तोंडून वदवून घ्यायची नाही.

तृतीयपंथी व्यक्ती आली तर काम बहुधा कागदाचं असतं. २०१९ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळू लागलं, मूळ कायद्यात त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नव्हती.  खरी अडचण पत्त्याची. घरमालक खोली देतो, पण भाडेकरार देत नाही. या कायद्यावर माझा राग एका जागी आहे : तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ३७७ पूर्णच गेलं, म्हणजे पुरुषावर जबरदस्ती झाली तर लावायला होतं ते कलमही गेलं. अशी केस आली तर वकिलाला बरोबर घेऊनच पोलीस ठाण्यात जा.

गेल्या रमजानमध्ये ती आई पुन्हा आली. मुलगा आता पुण्यात असतो, दरमहा पैसे पाठवतो. ईदला एकटा येत नाही, मित्र सोबत येतो. शेवया खातो, भांडी विसळून ठेवतो. तिनं विचारलं, 'आपा, मैं उसकू कौन समजूं?' २००८ मध्ये मी दहा मिनिटांत उत्तर दिलं होतं. या वेळी खालांना चहा ठेवायला सांगितलं आणि आईलाच विचारलं, तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारता?

'बेटा बोलती,' ती म्हणाली. 'और क्या बोलूं?'

आता तुमच्या केसेस काढा. नावं न घेता.